ड्युरियनचे ट्रक सीमेवर का अडले? व्हिएतनामची शेती आणि अन्नसुरक्षा, सोप्या भाषेत

जानेवारी २०२५ मध्ये व्हिएतनामहून चीनकडे निघालेले ड्युरियनचे ट्रक सीमेवर अडायला लागले. ड्युरियन हे काटेरी सालीचं, उग्र वासाचं फळ. चिनी ग्राहक त्यावर अक्षरशः जीव टाकतात. जुलै २०२२ मध्ये दोन्ही देशांत करार झाला, ताज्या ड्युरियनला चीनची बाजारपेठ अधिकृतपणे खुली झाली आणि २०२४ मध्ये व्हिएतनामची ड्युरियन निर्यात तीन अब्ज डॉलरच्या वर गेली. डाक लाकसारख्या डोंगराळ प्रांतांत शेतकऱ्यांनी कॉफीच्या बागा मोडून ड्युरियन लावलं. आणि मग चीनने अट घातली: प्रयोगशाळेचा दाखला आणा. फळात कॅडमियम मर्यादेत आहे आणि ‘बेसिक येलो २’ हा रंग अजिबात नाही, असं त्या दाखल्यावर लिहिलेलं हवं. २०२५ च्या पहिल्या काही महिन्यांतच निर्यात कोसळली.

ही बातमी वाचून प्रश्न पडतो. जागतिक बँक, आशियाई विकास बँक, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा सगळ्यांनी व्हिएतनाममध्ये शेती आणि अन्नसुरक्षेचे, म्हणजे अन्न खायला निर्धोक असावं यासाठीचे, प्रकल्प वर्षानुवर्षं चालवले. एवढा पैसा ओतल्यावरही असं का व्हावं? याचं उत्तर समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यात आपल्या ताटाचाही विषय येतो.

एकाच फळात दोन निराळे दोष

आधी ड्युरियनचंच पाहू. बेसिक येलो २ हा कापड आणि कागद रंगवायचा पिवळा रंग आहे. त्याने कर्करोग होण्याची शक्यता सांगितली जाते, म्हणून अन्नात त्याला परवानगी नाही. फळाची साल सारखी पिवळी दिसावी म्हणून तो पॅकिंगच्या शेडमध्ये लावला जातो. म्हणजे हा दोष शेतातला नाहीच. शेडमधल्या कुणीतरी घेतलेला तो निर्णय आहे. तपासणी कडक केली, दोन शेडना टाळं लावलं, तर तो आठवडाभरात थांबू शकतो.

कॅडमियमचं तसं नाही. तो जड धातू आहे. स्फुरदयुक्त खतं ज्या खडकापासून बनतात, त्या खडकातच तो थोडाफार असतो. खतासोबत वर्षानुवर्षं मातीत साठत जातो आणि जमीन आम्लधर्मी असली की मुळं तो जास्त ओढून घेतात. चीनची मर्यादा आहे किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. कुठल्याही शेतकऱ्याने तो मुद्दाम घातलेला नाही. फळ धुऊन तो जात नाही, साल काढूनही जात नाही. मातीला चुना द्या, खत बदला, माती तपासत राहा आणि काही वर्षं थांबा, एवढंच हातात असतं.

म्हणून ‘अन्नसुरक्षा’ ही एकच समस्या समजून तिच्यावर एकच औषध शोधणारे लोक फसतात. कुठला दोष साखळीच्या कुठल्या टप्प्यावर शिरतो, हे आधी पाहावं लागतं.

आधी पोटाचा प्रश्न होता

१९८० च्या दशकात व्हिएतनामला स्वतःचं पोट भरेल एवढा तांदूळही पिकवता येत नव्हता. शेती सामुदायिक होती. डिसेंबर १९८६ मध्ये ‘डोई मोई’ नावाच्या आर्थिक सुधारणा सुरू झाल्या, १९८८ मध्ये जमीन कसण्याचा हक्क कुटुंबांकडे आला, आणि १९८९ मध्ये या देशाने चौदा लाख टनांच्या आसपास तांदूळ निर्यात केला. एका वर्षात आयातदाराचा निर्यातदार! पुढे कॉफीत तो ब्राझीलच्या खालोखाल जाऊन बसला.

या यशाची किंमत जमिनीने मोजली. उत्तरेकडच्या लाल नदीच्या खोऱ्यात कित्येक कुटुंबांकडे अर्धा एकरही जमीन नाही, आणि तीही चार ठिकाणी विखुरलेली. एवढ्या तुकड्यातून घर चालवायचं तर वर्षाला दोन-तीन पिकं काढायची, आणि ती काढायची तर खत आणि औषध हात सैल सोडून वापरायचं. दक्षिणेकडे मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशात शेतकरी हेक्टरी दोनशे किलोपर्यंत भाताचं बियाणं फेकत. पुरेसं होतं त्याच्या निम्मं. दाट पेरलं की रोग जास्त, रोग जास्त की फवारणी जास्त. शेतकऱ्याला मूर्ख ठरवण्याचं कारण नाही. बियाणं फुकट गेल्याचं दुःख पीक गेल्याच्या दुःखापुढे काहीच नसतं, एवढाच त्याचा हिशेब होता.

फवारणी कमी केली तर पीक जाईल ना?

पहिली शंका इथेच येते, आणि तिचं उत्तर व्हिएतनामने कागदावर दिलं नाही, शेतात दिलं. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला हा सर्वांत सुंदर भाग आहे.

भात कोवळा असताना पानं गुंडाळणारी अळी येते. शेतात पांढरे पट्टे दिसायला लागतात, शेतकऱ्याचा जीव वरखाली होतो आणि तो पंप खांद्यावर घेतो. संशोधकांनी तपासलं तेव्हा लक्षात आलं की या वयात भाताची काही पानं खाल्ली गेली तरी रोप भरून काढतं, उत्पादनात फरक पडत नाही. उलट त्या सुरुवातीच्या फवारणीत कोळी आणि इतर मित्रकीटक मरतात. मग त्यांचं भक्ष्य असलेले तपकिरी तुडतुडे मोकाट वाढतात, आणि खरं नुकसान ते करतात. म्हणजे फवारणीच पुढच्या फवारणीची गरज तयार करत होती.

१९९० च्या दशकाच्या मध्यात मेकाँगमध्ये साधा संदेश दिला गेला: पेरणीनंतर पहिले चाळीस दिवस कीटकनाशक मारू नका. विश्वास बसत नसेल तर शेताचा एक कोपरा तसाच सोडून बघा. रेडिओवर नाटुकल्या झाल्या, भित्तिपत्रकं लागली. शेतकऱ्यांनी कोपरे सोडले, काढणीला तुलना केली आणि ज्या भागात ही मोहीम पोचली तिथे फवारण्या निम्म्याच्या आसपास आल्या. उत्पादन घटलं नाही.

त्याच वाटेवर पुढे ‘तीन कमी, तीन जास्त’ आलं: बियाणं, खत, कीटकनाशक कमी, उत्पादन, दर्जा, नफा जास्त. नंतर ‘एक हवंच, पाच कमी’: प्रमाणित बियाणं हवंच, बियाण्याचं प्रमाण, खत, औषध, पाणी आणि काढणीनंतरची नासाडी कमी. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या जागतिक बँकेच्या ‘व्हीएनसॅट’ प्रकल्पाने हीच पद्धत मेकाँगच्या आठ प्रांतांत भातासाठी नेली, आणि मध्य पठारावरच्या पाच प्रांतांत कॉफीच्या बागा सुधारायचं काम हाती घेतलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने २०३० पर्यंत दहा लाख हेक्टरांवर उत्तम प्रतीचा, कमी प्रदूषण करणारा भात घ्यायचा कार्यक्रम मंजूर केला, त्याचा पायाही हाच आहे.

हे टिकलं याचं कारण उघड आहे. शेतकऱ्याचा खर्च पहिल्याच हंगामात वाचला. त्याला ‘ग्राहकाच्या आरोग्यासाठी त्याग कर’ असं कुणी सांगितलं नाही.

रसायनंच खरा शत्रू नाहीत का?

व्हिएतनामी शहरात कुणालाही विचारा, भीती रसायनांचीच सांगतील. ‘भाजीचे दोन वाफे असतात, एक घरच्यासाठी, एक बाजारासाठी’ हे तिथे सर्रास बोललं जातं. ही भीती हवेतली नाही. २०१५-१६ मध्ये डुकरांना चरबी कमी आणि मांस लालसर दिसावं म्हणून साल्ब्युटामॉल हे दम्याचं औषध चारल्याची प्रकरणं गाजली. सरकारने २०१७ मध्ये पॅराक्वाट आणि २०१९ मध्ये क्लोरपायरिफॉस, फिप्रोनिल, ग्लायफोसेट यांवर बंदीचे निर्णय घेतले.

तरीही इथे दोन शब्द वेगळे ठेवावे लागतात: धोका आणि जोखीम. गावाबाहेर माळावर कठडा नसलेली विहीर आहे, तिकडे कुणी फिरकत नाही, हा धोका. तशीच विहीर शाळेच्या वाटेवर असेल तर ती जोखीम. विहीर तीच, पण कुणी पडण्याची शक्यता किती, यावर आधी कठडा कुठे बांधायचा ते ठरतं.

आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्था आणि तिच्या व्हिएतनामी सहकाऱ्यांनी २०१२ पासून डुकराच्या मांसाचा असाच अभ्यास केला. व्हिएतनाममध्ये सर्वाधिक खाल्लं जाणारं मांस हेच. त्यांनी रसायनांचे अवशेष आणि जड धातू तपासले, तेव्हा मर्यादेबाहेरचे नमुने थोडेच निघाले. साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जीवाणू मात्र बाजारातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक नमुन्यांत सापडला. या मांसामुळे वर्षभरात दर शंभरांतले सतरा-अठरा जण आजारी पडत असावेत, असा त्यांचा अंदाज निघाला. अंदाजाची पट्टी फार रुंद होती, हेही त्यांनीच लिहिलं. पण दिशा स्पष्ट होती. लोक ज्याला घाबरत होते ते एक, आणि त्यांना आजारी पाडत होतं ते दुसरंच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये जगाचा हिशेब मांडला तेव्हाही हेच दिसलं. दूषित अन्नाने वर्षाला साठ कोटी लोक आजारी पडतात, चार लाख वीस हजार मरतात, आणि मरणाऱ्यांत जवळजवळ तिसरा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा असतो. या आजारपणाचा फार मोठा वाटा जंतूंचा आहे. एक मात्र मान्य करायला हवं: कीटकनाशकांचे हळूहळू होणारे परिणाम अशा हिशेबात पकडणं कठीण असतं. म्हणून रसायनांची काळजी सोडा, असा याचा अर्थ कुणी काढू नये.

फरशी, ओटा आणि सुरी

हे जंतू येतात कुठून? काही डुकराच्या आतड्यातूनच येतात. पण एका डुकराचे जंतू पन्नास डुकरांच्या मांसावर जातात ते कत्तलखान्यात. छोट्या कत्तलखान्यात रात्री दोन-तीनला जनावर फरशीवरच कापलं जातं, आतडी तिथेच, मांस तिथेच, पाणी तेच. पहाटे ते मोटारसायकलवरून बाजारात येतं आणि दुपारपर्यंत बर्फाशिवाय लाकडी ओट्यावर पडून असतं. गिऱ्हाइकालाही ते तसंच हवं असतं. हाताला कोमट लागलं तर ताजं, थंड लागलं तर शिळं, हा तिथल्या गृहिणीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा आडाखा.

जागतिक बँकेच्या मदतीने २०१० च्या सुमारास सुरू झालेल्या पशुधन आणि अन्नसुरक्षा प्रकल्पाने, ज्याला तिथे ‘लिफसॅप’ म्हणतात, बारा प्रांतांत गोठे, कत्तलखाने आणि बाजार अशी सगळी साखळी एकत्र हातात घेतली. बाजारांना छप्पर, नळ, गटारं, टाइल्सचे ओटे मिळाले. दिसायला मामुली कामं. पण मांस विकणारीला हात धुवायला नळच नसेल, तर स्वच्छतेचं प्रशिक्षण देऊन काय होणार?

नंतर ऑस्ट्रेलियाच्या पैशातून ‘सेफपोर्क’ प्रकल्प झाला. त्याने आणखी स्वस्त उपाय धुंडाळले: जनावर जमिनीला टेकू नये म्हणून स्टीलची जाळी, विक्रेतीसाठी धुता येईल असा ओटा, कच्च्या आणि शिजवलेल्या मांसाला वेगळी फळी, वेगळी सुरी. जुन्या अभ्यासात एक महत्त्वाचा मुद्दा आधीच निघाला होता: आजारी पडायचं की नाही हे बऱ्याच अंशी घरच्या स्वयंपाकघरात ठरतं, कच्चं मांस कापलेल्या फळीवरच शिजलेलं किंवा कोशिंबीर कापली की नाही, यावर.

मग हे बाजार बंदच का करत नाही?

ही दुसरी शंका शहरी वाचकाच्या मनात हमखास येते. सुपरमार्केटमध्ये काचेआड, थंड, पाकीटबंद मांस मिळतंय तर रस्त्यावरचं कशाला?

एक तर ते परवडत नाही. बाजार बंद केला तर गरीब घर सुपरमार्केटमध्ये जाणार नाही, ते गल्लीबोळातल्या लपूनछपून विकणाऱ्याकडे जाईल, जिथे तपासनीस कधीच पोचत नाही. दुसरं, हजारो बायकांची रोजीरोटी या ओट्यांवर चालते. आणि तिसरं, काचेआडचं मांस आपोआप निर्धोक नसतं. तेही कुठल्यातरी कत्तलखान्यातूनच येतं, आणि मधे कुठे थंडावा तुटला तर पाकीट जंतूंना अडवत नाही. सुपरमार्केटच्या नमुन्यांतही साल्मोनेला सापडलेला आहे. बाजार आहे तिथेच सुधारणं हाच माणुसकीचा आणि शहाणपणाचा मार्ग आहे, असं मला ठामपणे वाटतं.

आणि प्रमाणपत्रं?

जानेवारी २००८ मध्ये व्हिएतनामच्या शेती मंत्रालयाने भाजी-फळांसाठी ‘व्हिएतगॅप’ आणलं. गॅप म्हणजे शेतीच्या चांगल्या पद्धतींची यादी: पाणी कुठलं, औषध कोणतं, फवारणी आणि काढणी यांत किती दिवस गेले, सगळ्याची वहीत नोंद. ही यादी चुकीची नाही. पण ती पाळायला वेळ लागतो, तपासणीला पैसे लागतात आणि दाखला ठरावीक मुदतीने पुन्हा काढावा लागतो. प्रकल्प चालू असेपर्यंत फी प्रकल्प भरतो. तो संपला की शेतकरी विचारतो, माझी कोथिंबीर बाजारात शेजारच्याच भावाने जात असेल तर हा खर्च मी का करू? कित्येक गट तिथेच गळले.

जिथे भाव मिळाला तिथे टिकलं. मोक चाऊच्या थंड पठारावर उन्हाळ्यात भाजी होते, तेव्हा हनोईभोवती उकाड्यामुळे होत नाही. ऑस्ट्रेलियाच्या मदतीने तिथल्या शेतकऱ्यांचे गट हनोईच्या दुकानांशी थेट जोडले गेले. हनोईजवळच्या सोक सोनमध्ये सेंद्रिय भाजीवाल्या शेतकरी महिलांनी, डॅनिश संस्थेच्या मदतीने, एकमेकींच्या शेताची तपासणी करायची सहभागी हमी पद्धत बसवली. बाहेरच्या कंपनीची फी नाही. शेजारणीच्या डोळ्यांत धूळ फेकणं कागद भरण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं.

तंत्रज्ञानाचंही तसंच. हो ची मिन्ह सिटीने डिसेंबर २०१६ मध्ये डुकराच्या पायात कडं घालून, मोबाइलवर कोड स्कॅन करून मांसाचं मूळ शोधण्याची योजना सुरू केली. कल्पना उत्तम. पण पायात कडं आहे आणि त्यात माहितीच भरलेली नाही, अशा तक्रारी लवकरच आल्या, कारण माहिती भरणाऱ्या व्यापाऱ्याला त्यातून काहीच मिळत नव्हतं.

परदेशाला एक ताट, घरच्यांना दुसरं

आता सर्वांत बोचणारा भाग. आपल्याकडच्या हॉटेलांत ‘बासा’ म्हणून येणारा मासा मुळात मेकाँगच्या तळ्यांतला. व्हिएतनामच्या मासळी उद्योगाने १९९० च्या दशकातच ‘हॅसॅप’ पद्धत उचलली, म्हणजे शेवटी माल तपासण्याऐवजी प्रक्रियेत चूक कुठे होऊ शकते ते आधी ओळखायचं आणि तिथेच पहारा ठेवायचा. कारण सरळ होतं: त्याशिवाय युरोप माल घेत नव्हता. म्हणजे जमत होतं. त्याच देशात, त्याच हातांना जमत होतं. हनोईच्या बाजारातल्या मांसासाठी तेवढा दट्ट्या लावणारं कुणी नव्हतं, एवढाच फरक.

हे चित्र नाशिकच्या वाचकाला परकं वाटू नये. २००३ मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अवशेष सापडले, त्यातून निर्यातीच्या बागांची नोंदणी, नमुने आणि पुण्यातल्या द्राक्ष संशोधन केंद्रात राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली. २००६ पासून ‘ग्रेपनेट’वर प्रत्येक पेटीचा माग बागेपर्यंत काढता येऊ लागला. तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाने कंटेनर युरोपच्या बंदरांत अडकले, कारण ते आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. ड्युरियनवाल्यांवर २०२५ मध्ये जी वेळ आली ती आपल्या बागायतदारांनी आधीच भोगली आहे. आणि आपल्या घरी येणारी द्राक्षं त्या यादीतून जातात का, हा प्रश्न दोन्हीकडे तितकाच खरा आहे.

प्रकल्प संपल्यावर कोण बघणार?

व्हिएतनामचा अन्नसुरक्षा कायदा २०१० चा, लागू झाला १ जुलै २०११ ला. त्याने जबाबदारी तीन मंत्रालयांत वाटली. फो म्हणजे तिथला शेवया आणि मांसाचा रस्सा, त्याची एक वाटी घ्या: तिच्यातलं मांस आणि पाला शेती मंत्रालयाचा, पिठाच्या शेवया उद्योग-व्यापार मंत्रालयाच्या, आणि ती विकणारी टपरी आरोग्य मंत्रालयाची. कुणी आजारी पडलं तर दोष कुणाकडे जायचा?

हा गुंता सोडवायला हो ची मिन्ह सिटीने २०१७ मध्ये तिन्ही खात्यांची माणसं एका मंडळाखाली आणली, आणि १ जानेवारी २०२४ पासून शहराचा स्वतंत्र अन्नसुरक्षा विभाग झाला. कॅनडाच्या मदतीचा ‘सेफ फूड फॉर ग्रोथ’ प्रकल्पही याच दिशेचा: अधिकाऱ्यांना जोखमीनुसार काम आखायला शिकवणं, म्हणजे सगळीकडे थोडं थोडं तपासण्याऐवजी जिथे माणसं आजारी पडतात तिथे आधी जाणं. मार्च २०२५ मध्ये शेती आणि पर्यावरण ही मंत्रालयंही एक झाली. कॅडमियमसारखा प्रश्न माती आणि खत दोन्हींचा असल्याने, तो आता निदान एका छताखाली आला आहे.

परदेशी मदत वाया गेली, असं मी म्हणणार नाही. चाळीस दिवस न फवारणारा शेतकरी प्रकल्प संपल्यावर सहजासहजी पुन्हा पंपाकडे वळत नाही, कारण ती सवय त्याच्या खिशाला पटलेली असते. बाजारातला नळ आणि स्टीलची जाळी मात्र दर काही वर्षांनी दुरुस्त करावी लागते, आणि मांस विकणारीला किलोमागे त्याचे दोन पैसे जास्त मिळत नाहीत. हा खर्च नगरपालिकेने पाण्याच्या आणि रस्त्याच्या खर्चासारखा दरवर्षी अंदाजपत्रकात धरायला हवा. ड्युरियनसाठी प्रयोगशाळांना मान्यता मिळवायची धावपळ लगेच झाली, कारण चीनने ट्रक परत पाठवले. हनोईच्या पहाटेच्या बाजारातून मांस परत पाठवणारं कुणी नाही, तिथे हे काम सरकारलाच करावं लागेल.